डेलनी अँड बॉनी : ज्यांचा बँड सगळ्यांनी उचलून नेला

गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा एकट्याच्या नावावरचा पहिला अल्बम, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा तीन रेकॉर्डींचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास', गायक जो कॉकरचा 'मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन' आणि डेरेक अँड द डॉमिनोजचा 'लैला'. चारही अल्बम १९७० सालचे. त्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत गेलं की एक गंमत दिसते. पुढचं नाव दर वेळी वेगळं, पण मागे वाजवणारे फिरून फिरून तेच. बेसवर कार्ल रॅडल, ड्रम्सवर जिम गॉर्डन, ऑर्गनवर बॉबी व्हिटलॉक, सॅक्सोफोनवर बॉबी कीज, ट्रम्पेटवर जिम प्राइस. प्रत्येक अल्बमवर पाचही जण नाहीत, पण त्यातले दोघं-तिघं तरी हमखास सापडतात. ही सगळी मंडळी थोड्याच दिवसांपूर्वी एका बसमधून गावोगाव फिरत होती, आणि त्या ताफ्याचे म्होरके होते डेलनी ब्रॅमलेट आणि बॉनी ब्रॅमलेट हे नवरा-बायको.

या जोडीचं नाव आज रॉक मनापासून ऐकणाऱ्यांनाही चटकन आठवत नाही. त्यांचं सगळ्यात चाललेलं गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत पोचलं, सगळ्यात गाजलेला अल्बम अल्बमांच्या यादीत २९व्या. पाच वर्षं संसार आणि बँड दोन्ही एकत्र चालले, मग दोन्ही मोडले. इतकं काही ज्यांच्याकडून शिकून लोक मोठे झाले, ते स्वतः मागे का राहिले? याला 'नशीब' म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. या धंद्यात कशाचे पैसे मिळतात आणि कशाचे मिळत नाहीत, हे कळलं की या जोडीची गोष्ट बरीचशी उलगडते. उरलेली त्या दोघांच्या स्वभावात आहे.

आधी सोल म्हणजे काय

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे गायलं जातं ते गॉस्पेल. शब्द देवाचे, पण गायकी अशी की बसल्या जागी कोणाला राहवत नाही. टाळ्या, पायांचा ठेका, मधेच काळजातून आलेली आरोळी. १९५०च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी हाच आवेश उचलला आणि देवाच्या जागी प्रेयसीला बसवलं. चर्चमधली वडीलधारी मंडळी संतापली, तरुण पोरं नाचली, आणि सोल नावाचा प्रकार रुजला. रॉक त्याचा चुलतभाऊ. गिटारवर जास्त भर देणारा, आणि १९६०च्या दशकाच्या शेवटी फारच लांबण लावणारा. वीस-वीस मिनिटांच्या गिटार-ड्रम्सच्या करामती हा तेव्हाचा मोठेपणा मानला जायचा.

सोलचा कणा म्हणजे हाक आणि प्रतिसाद. पोवाड्यात शाहिराची ओळ संपते तिथे झीलकरी 'जी जी रं' करून ती उचलून धरतात, तशी इथे मुख्य गायकाची ओळ मागचे आवाज झेलतात. डेलनी आणि बॉनीची खासियत अशी की यात शाहीर कोण आणि झीलकरी कोण हे ठरलेलंच नसायचं. पहिल्या ओळीला तो पुढे, दुसरीला ती, तिसरीला दोघं एकमेकांवर कुरघोडी करत. मागे रिटा कुलिज आणि व्हिटलॉक यांचे आवाज, शेजारी सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट. सात-आठ किंवा दहा माणसं मंचावर, आणि कोणीही लांबलचक एकट्याची तान मारत नाही. गिटारवाल्यालाही चार ओळींपुरती जागा, मग परत घोळक्यात. क्लॅप्टनला नेमकं हेच भावलं.

दोघं कुठून आले

डेलनीचा जन्म १९३९चा, मिसिसिपी राज्यातल्या पोंटोटॉक परगण्यातला. कापसाच्या शेतांचा, गरिबीचा मुलूख. नौदलात काही काळ काढून तो लॉस एंजेलिसला आला आणि 'शिंडिग' या टीव्ही कार्यक्रमाच्या वाद्यवृंदात, 'शिंडॉग्ज'मध्ये लागला. गिटारवादक जेम्स बर्टन आणि पियानोवादक लिऑन रसेल यांच्याशी त्याची गाठ याच वर्तुळात पडली. रसेल ओक्लाहोमातल्या टल्सा गावचा. रॅडल आणि ड्रमर जिम केल्टनरही टल्साचेच. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये तेव्हा या टल्साकरांचा एक गटच होता, आणि डेलनीच्या बँडला माणसं मिळाली ती मुख्यतः तिथून.

बॉनी लिन ओफॅरेल १९४४ची, सेंट लुईस शहराच्या पलीकडच्या बाजूला, इलिनॉय राज्यात वाढलेली. विशीच्या आतच ती त्या भागातल्या क्लबांमध्ये अल्बर्ट किंग आणि लिटल मिल्टन अशा ब्लूजच्या दिग्गजांबरोबर गायली. पुढे आइक आणि टीना टर्नर यांच्या मागे गाणाऱ्या 'आयकेट्स' या चमूत तिला तीन दिवस बदली म्हणून उभं राहावं लागलं. काळ्या केसांचा टोप घालून, कातडी सावळी दिसेल असा लेप लावून. आज हे वाचताना अवघडल्यासारखं होतं. तेव्हाच्या अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांचा मिश्र चमू घेऊन फिरणं हेच धोक्याचं होतं, हे लक्षात घेतलं तर तो टोप कशासाठी होता ते कळतं.

१९६७ साली ती लॉस एंजेलिसला आली. एका बोलिंग क्लबमध्ये शिंडॉग्जचा कार्यक्रम होता, तिथे दोघांची ओळख झाली आणि आठवड्याभरात लग्न. पुढची पाच वर्षं दोघांनी जे केलं ते याच वेगाने केलं.

पहिला करार, आणि करार म्हणजे काय त्याचा धडा

त्यांना पहिल्यांदा हात दिला मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने. हे साधं नव्हे. स्टॅक्स म्हणजे दक्षिणेकडच्या सोलचं घर. जुन्या सिनेमा थिएटरात थाटलेला स्टुडिओ, ओटिस रेडिंग आणि सॅम अँड डेव्ह यांच्या रेकॉर्डी तिथल्या. तिथला घरचा बँड 'बुकर टी अँड द एमजीज' हा दोन काळे, दोन गोरे असा मिश्र होता, पण पुढे उभे राहणारे गायक जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. तिथे या दोघा गोऱ्यांनी गाऊन दाखवलं आणि त्यांना घेतलं गेलं. बेसवादक डोनाल्ड 'डक' डन याने त्यांच्या अल्बमच्या निर्मितीत हात घातला, आयझॅक हेजसारखी स्टॅक्सची मातब्बर मंडळी मदतीला होती. अल्बमचं नाव 'होम'.

पण तेव्हा स्टॅक्सवरच आभाळ कोसळलेलं होतं. डिसेंबर १९६७मध्ये ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. त्याच सुमारास वितरण करणारी अटलांटिक कंपनी वॉर्नरला विकली गेली, आणि स्टॅक्सच्या मालकांना तेव्हा कळलं की जुन्या कराराच्या एका कलमानुसार त्यांच्याच स्टुडिओत निघालेल्या रेकॉर्डींची मूळ ध्वनिमुद्रणं अटलांटिकच्या मालकीची आहेत. रेकॉर्ड कंपनीची खरी इस्टेट म्हणजे ही मूळ मुद्रणं. ती एका फटक्यात गेली. रिकामी कपाटं भरायला स्टॅक्सने १९६९च्या मध्यावर एकदम २७ अल्बम बाजारात सोडले. 'होम' त्यातला एक. जिथे जाहिरातीचा पैसा सत्तावीस ठिकाणी वाटला जाणार, तिथे नव्या जोडीच्या वाट्याला काय येणार? अल्बम आला आणि कोणाच्या लक्षातही न येता गेला.

याच वर्षी त्यांनी इलेक्ट्रा कंपनीबरोबर करार करून दुसरा अल्बम काढला, 'ॲक्सेप्ट नो सब्स्टिट्यूट'. माझ्या मते त्यांचा स्टुडिओतला सगळ्यात नेटका अल्बम हाच. बाजारात येण्याआधी त्याचं मुद्रण जॉर्ज हॅरिसनच्या कानावर पडलं. तो इतका खूश झाला की त्याने बीटल्सच्या ॲपल कंपनीचा करार पुढे केला, आणि डेलनी-बॉनीने, इलेक्ट्राशी बांधलेले असताना, त्यावरही सह्या केल्या! असा करार अर्थातच टिकला नाही. ॲपलला माघार घ्यावी लागली आणि अल्बम इलेक्ट्राकडूनच आला.

तिथेही फार दिवस जमलं नाही. इलेक्ट्राचा मालक जॅक हॉल्झमन सांगतो तो किस्सा असा: डेलनीच्या वडिलांना दुकानात हा अल्बम मिळाला नाही. डेलनीने दारूच्या भरात हॉल्झमनला फोन लावला आणि जिवे मारण्याची धमकी दिली. हॉल्झमनने शांतपणे करारातून त्यांना मोकळं केलं. बाप दुकानात गेला आणि मुलाची रेकॉर्ड तिथे नाही, यातला अपमान मी समजू शकतो. पण ज्याच्या हातात तुमच्या रेकॉर्डी दुकानात पोचवण्याचं काम आहे त्याला असं बोलणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

दोन वर्षांत दोन कंपन्या झाल्या, तिसरी हुकली. यात काय बिघडतं? नव्या कलाकाराला कंपनी आगाऊ रक्कम देते, मुद्रणाचा खर्च करते आणि तो खर्च त्याच्या हिश्शातून आधी वसूल करते. एकाच कंपनीत तीन-चार अल्बम झाले की हळूहळू दुकानदार, रेडिओ आणि कंपनीचे विक्रेते त्या नावाला ओळखू लागतात. दर अल्बमला घर बदललं की ही ओळख दर वेळी शून्यापासून. मागच्या कंपनीला तर जुना अल्बम खपवण्यात काडीचा रस उरत नाही.

क्लॅप्टन मागच्या रांगेत

१९६९च्या उन्हाळ्यात क्लॅप्टन, स्टीव्ह विनवुड आणि जिंजर बेकर यांचा 'ब्लाइंड फेथ' हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. मोठमोठी मैदानं, प्रचंड पैसा, आणि क्लॅप्टन कंटाळलेला. त्यांच्याआधी मंच तापवायला डेलनी अँड बॉनी असायचे. क्लॅप्टन आपल्या बँडला सोडून यांच्या बसमध्ये बसू लागला, यांच्या कार्यक्रमात कडेला उभा राहून खंजिरी वाजवू लागला. आपल्याआधी वाजवणारे आपल्यापेक्षा सरस आहेत असं त्याचं स्पष्ट मत होतं, आणि ते त्याने पुढे जाहीरपणे सांगितलंही. दौरा संपला, ब्लाइंड फेथ मोडला, आणि वर्षाच्या शेवटी क्लॅप्टन चक्क डेलनी अँड बॉनीचा एक गिटारवादक म्हणून युरोपात फिरत होता.

हा दौरा म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचं शिखर. १ डिसेंबर १९६९ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हॅरिसन प्रेक्षकांत होता. दुसऱ्या दिवशी बँडची बस त्याच्या घरावरून ब्रिस्टलला निघाली तेव्हा तोही गिटार घेऊन चढला. बीटल्सनी १९६६च्या ऑगस्टमध्ये दौरे थांबवल्यानंतर हा माणूस पहिल्यांदाच गावोगाव वाजवायला निघाला होता, आणि मागच्या रांगेत उभं राहायला मिळतंय याचाच त्याला आनंद. ७ डिसेंबरला क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समध्ये झालेल्या कार्यक्रमाचं मुद्रण पुढे मार्च १९७०मध्ये अल्बम म्हणून आलं: 'डेलनी अँड बॉनी अँड फ्रेंड्स ऑन टूर विथ एरिक क्लॅप्टन'.

नाव पुन्हा वाचा. क्लॅप्टनचं नाव पाकिटावर नसतं तर हा अल्बम २९व्या क्रमांकापर्यंत पोचला नसता, हे उघड आहे. पण याच नावाने घोटाळाही केला. जर्मनीत क्लॅप्टनसाठी तिकीट काढून आलेल्या लोकांनी, तो कडेला उभा राहून साथ करतोय हे पाहून आरडाओरडा केला. पाहुणा यजमानापेक्षा मोठा झाला की घर पाहुण्याच्याच नावाने ओळखलं जातं.

डेलनीने या दोघांना काय दिलं ते मात्र मोजण्यासारखं आहे. हॅरिसनला त्याने स्लाइड गिटार वाजवायला लावली. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवरून घसरवायची, म्हणजे स्वर आपल्या मींडेसारखा सरकत जातो. पुढे हॅरिसनची जी ओळख झाली, तो हळुवार, ताणलेला स्वर, त्याची सुरुवात या दौऱ्यात आहे. सतारीवर काही वर्षं मेहनत केलेल्या माणसाला सरकत्या सुरांची ओढ वाटली यात मला नवल वाटत नाही. क्लॅप्टनला डेलनीने गायला लावलं. तोवर तो स्वतःच्या आवाजाला घाबरून असायचा. देवाने दिलेलं वापरलं नाहीस तर तो काढून घेईल, अशा अर्थाचं डेलनी त्याला म्हणाला, असं क्लॅप्टन सांगतो. त्याचा पहिला अल्बम डेलनीनेच घडवला. त्यावरची बरीच गाणी दोघांनी मिळून लिहिली. टल्साच्याच जे. जे. केलचं 'आफ्टर मिडनाइट' या अल्बमवर आलं तेही डेलनीमुळे.

कायदा कशाला ओळखतो

इथे केलचं उदाहरण कामाला येतं. केल तेव्हा टल्सात तंगीत दिवस काढत होता. 'आफ्टर मिडनाइट' क्लॅप्टनच्या आवाजात चाललं आणि गाण्याचा कर्ता म्हणून केलच्या हातात पैसे येऊ लागले. दोन वर्षांच्या आत त्याचा स्वतःचा अल्बम आला.

अमेरिकेत गाण्यातून पैसा येण्याचे ढोबळ मार्ग असे. ज्याने शब्द आणि चाल लिहिली त्याला दर विकलेल्या प्रतीमागे आणि रेडिओवर दर वाजण्यामागे वाटा. ज्याच्या नावाने रेकॉर्ड निघाली त्याला, कंपनीचा खर्च वसूल झाल्यावर, विक्रीतला वाटा. पण नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं तर गायकाला तिथे एक पैसाही मिळत नाही, फक्त लिहिणाऱ्याला मिळतो. मागे वाजवणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी, बस्स. आणि ज्याने सगळ्यांना 'हे असं वाजवायचं' हे शिकवलं त्याला? त्याच्यासाठी रकानाच नाही. शैलीवर कोणाची मालकी नसते, आणि नसावीही. नाहीतर रे चार्ल्सला चर्चला भाडं द्यावं लागलं असतं.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण याच दौऱ्यात जन्मलं. कोपनहेगनच्या मुक्कामात हॅरिसन गिटारवर दोन स्वरसमूह आलटून पालटून छेडत बसला होता. एका बाजूला चर्चमधलं 'हालेलुया', दुसऱ्या बाजूला 'हरे कृष्ण', दोन्ही त्याच ठेक्यात बसत होतं. त्यातून 'माय स्वीट लॉर्ड' तयार झालं आणि जगभर पहिल्या क्रमांकावर गेलं. या गाण्याची घडण पाहा: एक आवाज हाक मारतो, मागचा घोळका प्रतिसाद देतो, गिटार सरकत जाते. डेलनी अँड बॉनीच्या बसमधून फिरलेल्या माणसाचं गाणं. आपण यात मदत केली होती असं डेलनी पुढे म्हणत राहिला, पण कर्ता म्हणून नाव एकट्या हॅरिसनचं. मग 'शिफॉन्स' या मुलींच्या चमूच्या १९६३ सालच्या 'ही इज सो फाइन' या गाण्याच्या मालकांनी दावा लावला. १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, चाल नकळत का होईना पण उचललेली आहे, असा निकाल दिला. पुढे रक्कम ठरली ५,८७,००० डॉलर. कायद्याला काही स्वरांची ओळ सापडली, तिची किंमतही लावता आली. त्या गाण्याचा श्वास कुठून आला याचा हिशेब करायला कायद्याकडे मापच नाही.

बॉनीच्या वाट्याला मात्र एक गाणं नीट आलं. लिऑन रसेलबरोबर तिने 'ग्रूपी' लिहिलं: दौऱ्यावर आलेल्या गिटारवाल्याच्या प्रेमात पडून, तो परत येईल म्हणून रेडिओ ऐकत बसलेली मुलगी. डिसेंबर १९६९मध्ये ते 'कमिन होम' या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं आणि फारसं कोणी ऐकलं नाही. मग 'सुपरस्टार' या नावाने रिटा कुलिज ते जो कॉकरच्या कार्यक्रमांत गाऊ लागली. बेट मिडलरने टीव्हीवर गायलं, ते रिचर्ड कार्पेंटरने पाहिलं, एक धीट शब्द सोज्वळ केला, आणि १९७१मध्ये कार्पेंटर्सच्या आवाजात ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. कॅरन कार्पेंटरचा आवाज कितीही लाघवी असो, मला बॉनीचंच आवडतं. कॅरनच्या गाण्यात ती मुलगी वाट पाहते. बॉनीच्या गाण्यात तिला आतून ठाऊक आहे की तो येणार नाही.

बस रिकामी होते

१९७०च्या मार्चमध्ये जो कॉकरला एक अमेरिका दौरा घाईघाईने उभा करायचा होता. त्याने लिऑन रसेलला हाक मारली, आणि माणसं कुठे आहेत हे रसेलला पक्कं माहीत होतं. रॅडल, गॉर्डन, केल्टनर, कीज, प्राइस, कुलिज, सगळे डेलनीला सोडून 'मॅड डॉग्ज'मध्ये गेले. पैशावरून कुरबुरी होत्या, डेलनीचा हुकमी आणि तापट स्वभावही नडत होता. व्हिटलॉक थोडे दिवस थांबला, मग तोही इंग्लंडला क्लॅप्टनकडे. हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'च्या मुद्रणासाठी तिथे व्हिटलॉक, रॅडल, गॉर्डन आणि क्लॅप्टन पुन्हा जमले आणि त्यांचाच 'डेरेक अँड द डॉमिनोज' झाला. कीज आणि प्राइस रोलिंग स्टोन्सकडे गेले. 'ब्राउन शुगर'मधला सॅक्सोफोन कीजचा.

यातले काही धागे आपल्यापर्यंतही येतात. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी जो कार्यक्रम झाला, त्यात आधी पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि अल्ला रखाँ यांनी वाजवलं. त्यानंतर हॅरिसनबरोबर मंचावर आलेल्यांत क्लॅप्टन, रसेल, रॅडल आणि केल्टनर होते. यजमान जोडपं नाही, पण त्यांच्या वर्तुळातली चार माणसं. आणि रिटा कुलिजचा आवाज आपल्यापैकी अनेकांनी नकळत ऐकला आहे: उदयपूरला चित्रित झालेल्या 'ऑक्टोपसी' या बाँडपटाचं शीर्षकगीत तिचं. जिम गॉर्डनची कहाणी मात्र काळी आहे. स्किझोफ्रेनिया वेळेत ओळखला गेला नाही, १९८३मध्ये त्याच्या हातून आईचा खून झाला, आणि २०२३मध्ये तो कैदेतच वारला.

माणसं गेल्यावरही डेलनी अँड बॉनी संपले नाहीत, हे बऱ्याचदा सांगायचं राहून जातं. अटलांटिकच्या ॲटको या शाखेत असताना त्यांनी १९७०मध्ये 'टू बॉनी फ्रॉम डेलनी' काढला. त्यावर ड्वेन ऑलमन गिटारवर आणि एका गाण्यात खुद्द लिटल रिचर्ड पियानोवर. मग १९७१चा 'मोटेल शॉट'. कार्यक्रम आटोपल्यावर वादक मोटेलच्या खोलीत जमून जे गातात-वाजवतात त्याला हे नाव. पियानो, साधी गिटार, खंजिरी, टाळ्या आणि घसा. विजेची वाद्यं जवळजवळ नाहीत. याच अल्बममधलं डेलनीचं 'नेव्हर एंडिंग साँग ऑफ लव्ह' १३व्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये मात्र ते 'न्यू सीकर्स'च्या आवाजात दुसऱ्या क्रमांकावर! त्याच वर्षी 'ओन्ली यू नो अँड आय नो' विसाव्या क्रमांकावर आलं. म्हणजे बँड फुटल्यानंतरच त्यांची गाणी सगळ्यात जास्त चालली.

पण घर आतून पोखरलं होतं. कोकेन, दारू, हातघाईवर येणारी भांडणं. बॉनीने त्या दिवसांबद्दल पुढे आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. पुढचा अल्बम अटलांटिकच्या जेरी वेक्सलरला पसंत पडला नाही. त्याने करारच कोलंबियाला विकला. कोलंबियाने तो मार्च १९७२मध्ये 'डी अँड बी टुगेदर' या नावाने काढला. 'टुगेदर', म्हणजे एकत्र. पाकिटं दुकानांत लागेपर्यंत जोडी फुटायला आली होती.

नंतर

डेलनी अधूनमधून अल्बम काढत राहिला, व्यसनांशी झगडत राहिला, आणि २७ डिसेंबर २००८ला लॉस एंजेलिसमध्ये वारला. बॉनीने एकटीने अल्बम काढले, मग 'रोझॅन' या टीव्ही मालिकेत कामही केलं. पण तिचं नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकलं ते १९७९मध्ये, ओहायोतल्या एका हॉटेलच्या बारमध्ये. इंग्लिश गायक एल्व्हिस कॉस्टेलो दारूच्या नशेत जेम्स ब्राउन आणि रे चार्ल्स यांच्याबद्दल वर्णद्वेषी बरळला. बॉनी तिथेच होती. तिने त्याच्यावर सरळ हात उगारला. कॉस्टेलोला नंतर पत्रकार परिषद घेऊन खुलासा करावा लागला. ज्यांच्या गाण्यावर ही बाई लहानाची मोठी झाली त्यांच्याबद्दल ऐकून घेणं तिला जमणारं नव्हतं.

त्यांची मुलगी बेका ब्रॅमलेट १९९३मध्ये फ्लीटवुड मॅकमध्ये गायिका म्हणून आली. त्याच वेळी बँडमध्ये दाखल झालेला गिटारवादक डेव्ह मेसन. १९६९च्या त्या दौऱ्यात आई-वडिलांच्या मागे तोच उभा होता, आणि 'ओन्ली यू नो अँड आय नो' हे गाणं मूळ त्याचंच.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर क्लॅप्टनच्या नावाचा अल्बम आधी घेऊ नका, निदान त्याची गिटार शोधत बसू नका. 'मोटेल शॉट' आधी लावा, कारण त्यात लपायला विजेची वाद्यं नाहीत. मग 'ॲक्सेप्ट नो सब्स्टिट्यूट'. क्रॉयडनचा कार्यक्रम तिसरा, आणि तो आवडलाच तर २०१०मध्ये निघालेला चार सीडींचा संच आहे, ज्यात त्या डिसेंबरातले आणखी कार्यक्रम जवळजवळ पूर्ण ऐकायला मिळतात.